तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?

मित्रांनो, एक साधा प्रश्न विचारतो. ८ एप्रिल २०२३ च्या रात्री तुम्ही कुणाच्या बाजूने होतात?

तारीख आठवत नाही? मी आठवण करून देतो. वानखेडे स्टेडियमवर आयपीएलचा सामना होता, मुंबई इंडियन्स विरुद्ध चेन्नई सुपर किंग्ज. मुंबईची पहिली फलंदाजी. कप्तान रोहित शर्मा २१ धावांवर होता, चांगला रंगात येत होता, आणि चेन्नईच्या एका वेगवान गोलंदाजाने त्याची दांडी उडवली. गोलंदाजाचं नाव तुषार देशपांडे. गाव कुठलं? आपलं कल्याण!

मग चेन्नईची पाळी आली. समोर फक्त १५८ धावांचं लक्ष्य. मैदानात आला अजिंक्य रहाणे. १९ चेंडूंत अर्धशतक, २७ चेंडूंत ६१. हा शांत, सभ्य, कसोटीवाला अजिंक्य असाही खेळतो, हे पाहून भल्याभल्यांची बोटं तोंडात गेली. अजिंक्य लहानाचा मोठा कुठे झाला? डोंबिवलीत! चेन्नईने सात गडी राखून सामना जिंकला.

आता गंमत पाहा. ज्याची दांडी उडाली त्या रोहितचंही डोंबिवलीशी नातं आहे बरं का. लहानपणी तो बोरिवलीला आजी-आजोबा आणि काकांकडे राहायचा. आई-वडील मात्र डोंबिवलीत एका खोलीच्या घरात राहत. शनिवार-रविवार आला की स्वारी डोंबिवलीला यायची. म्हणजे एकाच सामन्यात आपल्या रेल्वेमार्गावरचे तीन जण, आणि ते दोन वेगवेगळ्या बाजूंना! तुम्ही जर मुंबईच्या नावाने ओरडलात, तर कल्याणच्या तुषारच्या विरुद्ध ओरडलात. तुषारसाठी टाळ्या वाजवल्यात, तर मुंबईच्या विरुद्ध वाजवल्यात. करायचं काय माणसाने?

मी डोंबिवलीचा. ठाण्याच्या सेंट्रल मैदानापासून कल्याणच्या सुभाष मैदानापर्यंत जिथे कुठे बॅटवर चेंडू आपटल्याचा आवाज येतो तिथे थांबणारा माणूस. त्यामुळे या प्रश्नावर माझं एक मत आहे आणि ते मी ठासून सांगणार. पटलं नाही तर खुशाल भांडा.

माझ्या मते संघ दोन प्रकारचे असतात. एक बोली लावून जमवलेला, आणि दुसरा गल्लीतून वाढत वाढत वर आलेला. आयपीएल २००८ मध्ये सुरू झाली. त्यात खेळाडूंचा लिलाव होतो, ज्याची बोली जास्त त्याचा खेळाडू. अजिंक्यचंच पाहा. सुरुवातीला तो मुंबई इंडियन्सकडे होता. मग राजस्थान, पुणे, पुन्हा राजस्थान, दिल्ली, कोलकाता, चेन्नई आणि २०२५ मध्ये परत कोलकाता, तेही कप्तान म्हणून! इतक्या गावांचा पाहुणचार घेतला गड्याने. तुषारसुद्धा दिल्ली, चेन्नई, राजस्थान असा फिरला. (प्रश्नमंजूषेत भाग घेणाऱ्यांनी हे लिहून ठेवा: आयपीएलमधला पहिलावहिला ‘इम्पॅक्ट प्लेअर’ कोण? तुषार देशपांडे, ३१ मार्च २०२३, अंबाती रायुडूच्या जागी.)

यात वाईट काही नाही हं. साध्या घरातला मुलगा खेळावर पोट भरू शकतो, ही केवढी मोठी गोष्ट! फक्त एवढंच की, उद्या तुषारने पुन्हा मुंबई इंडियन्सचा गडी टिपला तर ‘गद्दार’ वगैरे शब्द काढू नका. तो नोकरीवर आहे. तुमचे बाबाही आज ठाण्यातल्या कचेरीत आणि उद्या बेलापूरच्या कचेरीत जातातच की.

हे कोडं आपल्यालाच पडलंय असं समजू नका. अमेरिकेतही अगदी हेच आहे. तिथे बेसबॉलचे व्यावसायिक संघ आहेत आणि त्यांच्यात खेळाडूंची खरेदी-विक्री फार जुनी. बेब रूथ नावाचा त्यांचा सर्वांत मोठा खेळाडू बोस्टनच्या संघाने १९१९ साल संपता संपता न्यूयॉर्कला विकून टाकला. त्यानंतर बोस्टनला विजेतेपद मिळालं ते थेट २००४ मध्ये! पण त्याच अमेरिकेत लोक कॉलेजच्या फुटबॉल संघांसाठीही वेडे होतात. (त्यांचा फुटबॉल म्हणजे आपला नव्हे. तो अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळायचा, धडकाधडकीचा खेळ.) मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात एक लाख सात हजारांहून जास्त माणसं बसतात. कॉलेजच्या सामन्याला! ज्या गावात व्यावसायिक संघच नाही तिथली माणसं म्हणतात, हे कॉलेज आमचं, ही मुलं आमची. २०२१ पर्यंत तर या खेळाडूंना आपल्या नावावर जाहिरातीतूनसुद्धा पैसे कमवायची मुभा नव्हती. म्हणजे बोलीवाला संघही पाहायचा आणि घरचा संघही पाहायचा.

मग आपला घरचा संघ कोणता? माझं उत्तर तयार आहे: मुंबईचा रणजी संघ.

‘पण आम्ही तर ठाणे जिल्ह्यातले!’ असं कुणीतरी म्हणेलच. रणजी करंडकात आपल्या राज्याचे तीन संघ असतात, मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. ठाणे, कल्याण, डोंबिवलीची मुलं मुंबईत मोडतात. रोहित, अजिंक्य, तुषार, रणजीत तिघंही मुंबईचेच. तिकडे पालघरहून लोकलने येणारा शार्दूल ठाकूरही मुंबईचाच. या संघाने १९३४-३५ ची पहिलीच स्पर्धा जिंकली आणि १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा वर्षं करंडक आपल्याकडे ठेवला. पंधरा वर्षं! तुमचा जन्म झाल्यापासून तुम्हाला मिसरूड फुटेपर्यंत एकच विजेता.

आता मला २०२४ च्या फेब्रुवारीतली गोष्ट सांगू द्या, कारण ती टीव्हीवर आयपीएलइतकी गाजली नाही आणि त्याचं मला वाईट वाटतं. वांद्रे-कुर्ला संकुलातलं मैदान. मुंबई विरुद्ध बडोदा, उपांत्यपूर्व सामना. पहिल्या डावात मुंबईची आघाडी अवघी ३६ धावांची. दुसऱ्या डावात नऊ गडी बाद ३३७. दहाव्या क्रमांकाचा तनुष कोटियन खेळत होता आणि अकराव्या क्रमांकावर आला आपला तुषार. अकरावा फलंदाज म्हणजे काय हे गल्लीत खेळणाऱ्यांना सांगायला नको. ज्याला बॅटिंग जवळजवळ कधीच मिळत नाही तो! बडोद्याची मंडळी मनातल्या मनात पॅव्हेलियनकडे निघालीही असतील.

पण हे दोघं हलेनात. पन्नास झाल्या, शंभर झाल्या, दोनशे झाल्या. तनुषने शतक ठोकलं. मग तुषारनेही ठोकलं! शेवटी तुषार १२३ वर बाद झाला, तनुष १२० वर नाबाद राहिला, आणि धावफलक ३३७ वरून ५६९ वर गेला होता. शेवटच्या जोडीच्या २३२ धावा. रणजीतला शेवटच्या जोडीचा विक्रम २३३ चा आहे, दिल्लीच्या अजय शर्मा आणि मणिंदर सिंग यांचा. एका धावेने हुकला! दहाव्या आणि अकराव्या क्रमांकाच्या दोघांनीही एकाच डावात शतकं केल्याचं प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये त्याआधी एकदाच घडलं होतं. १९४६ मध्ये, इंग्लंडमध्ये, सरे संघाविरुद्ध, आणि तेही आपल्याच चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी यांनी केलं होतं. सामना अनिर्णित राहिला, पण पहिल्या डावातल्या त्या ३६ धावांच्या जोरावर मुंबई पुढे गेली. मार्चमध्ये वानखेडेवर विदर्भाला १६९ धावांनी हरवून मुंबईने बेचाळिसाव्यांदा रणजी करंडक जिंकला. करंडक उचलणारा कप्तान कोण? अजिंक्य रहाणे, डोंबिवली.

या संघात कुणी कुणाला विकत घेतलेलं नाही. म्हणून या विजयात आपला वाटा आहे, असं मला वाटतं. निदान रेल्वेच्या पासाएवढा तरी!

पण रणजी हा वरचा मजला झाला. खालचा मजला म्हणजे शाळा आणि कॉलेज. तिथे तुम्ही स्वतः खेळता, म्हणून त्याबद्दल जरा जास्त बोलू.

जानेवारी २०१६ मध्ये कल्याणचं नाव जगभर झालं होतं. शाळाशाळांच्या भंडारी करंडक स्पर्धेत के. सी. गांधी शाळेच्या पंधरा वर्षांच्या प्रणव धनावडेने एका डावात नाबाद १००९ धावा केल्या. एक हजार नऊ! १२९ चौकार, ५९ षटकार. आधीचा विक्रम ६२८ चा होता, तो इंग्लंडमधल्या ए. ई. जे. कॉलिन्स या तेरा वर्षांच्या शाळकरी मुलाने १८९९ मध्ये केला होता. ११६ वर्षं तो टिकला आणि रिक्षा चालवणाऱ्या वडिलांच्या मुलाने कल्याणात तो मोडला. सचिनने त्याला सही केलेली बॅट भेट दिली. मुंबई क्रिकेट असोसिएशनने पाच वर्षांसाठी दरमहा दहा हजारांची शिष्यवृत्ती जाहीर केली.

आता माझं मत ऐका. प्रणवने जे केलं त्यात त्याचं काहीही चुकलं नाही. तुमच्या हातात बॅट असती तर तुम्हीही मारत राहिला असता, मीही राहिलो असतो. पण मोठ्या माणसांनी थोडा विचार करायला हवा होता. समोरच्या संघाचे नेहमीचे खेळाडू परीक्षेमुळे आलेच नव्हते, लहान लहान मुलं चेंडू टाकत होती, असं तेव्हाच्या वर्तमानपत्रांत छापून आलं होतं. त्यांचे दोन डाव मिळून किती धावा झाल्या? ३१ आणि ५२. आणि प्रणवच्या शाळेच्या? तीन बाद १४६५! पहिल्या दिवशी संध्याकाळी प्रणव ६५२ वर नाबाद होता. म्हणजे कॉलिन्सचा विक्रम त्याच दिवशी मोडून झाला होता. मग दुसऱ्या दिवशी सकाळी डाव घोषित करायला काय हरकत होती? हिशेब करा. तीन बाद म्हणजे फक्त पाच जणांनी बॅट हातात धरली. सहा मुलं पॅड बांधून नुसती बसली. आणि समोरची ती पोरं दोन दिवस चेंडू आणायला सीमेबाहेर पळत राहिली. त्यांच्यातल्या कुणाला त्यानंतर क्रिकेट नकोसं झालं असेल का, हे कुणी विचारलं नाही.

पुढे काय झालं? हजार धावांचं ओझं भल्या माणसाला झेपत नाही, ते पंधरा वर्षांच्या मुलाला कसं झेपणार? नंतर मोठ्या धावा होईनात तेव्हा २०१७ मध्ये त्याच्या वडिलांनी आपण होऊन कळवलं की आता ही शिष्यवृत्ती बंद करा. मित्रांनो, त्या १००९ इतकाच मान मला या पत्राला द्यावासा वाटतो.

‘सचिन-विनोदच्या ६६४ चं काय मग?’ बरोबर विचारलंत. फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, हॅरिस शील्ड. शारदाश्रमचा सचिन तेंडुलकर नाबाद ३२६, विनोद कांबळी नाबाद ३४९. सरांनी डाव घोषित करायला सांगितलं होतं आणि ही जोडगोळी तिकडे बघतच नव्हती, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. पण तिथे समोर गोलंदाजी करणाऱ्यांत साईराज बहुतुले होता, जो पुढे भारताकडून कसोटी खेळला. विक्रम ऐकला की आधी विचारा, गोलंदाज कोण होते? हा प्रश्न विचारणारा प्रेक्षक मला आवडतो.

त्या दिवशी पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून एक मुलगा बसून राहिला होता. त्याची पाळी आलीच नाही. त्याचं नाव अमोल मुझुमदार. पुढे त्याने रणजी पदार्पणातच २६० धावा केल्या, प्रथम दर्जाच्या सामन्यांत अकरा हजारांहून जास्त धावा जमवल्या, पण भारतीय संघाचं दार काही उघडलं नाही. नेहमी आपलं पुढचा फलंदाज! आणि मग २ नोव्हेंबर २०२५ उजाडला. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून पहिल्यांदा विश्वचषक जिंकला, तेव्हा त्यांचा प्रशिक्षक होता हाच अमोल मुझुमदार. नेरूळ कुठल्या जिल्ह्यात येतं? ठाणे! आपल्या जिल्ह्यात खेळला गेलेला सगळ्यात मोठा सामना हाच, असं मी म्हणतो. याहून मोठा कुणाला माहीत असेल तर पत्र पाठवा. आणि मुलींनो, ‘मुलींचं क्रिकेट कोण बघतं’ असं कुणी म्हणालं तर तीन दिवस आधीच्या उपांत्य सामन्यात जेमिमा रॉड्रिग्जने ऑस्ट्रेलियाविरुद्ध काढलेल्या नाबाद १२७ त्याला ऐकवा.

कॉलेज क्रिकेटचे दिवस मात्र गेले, आणि ते परत यावेत अशी माझी फार इच्छा आहे. विद्यापीठांच्या रोहिंटन बारिया करंडकाला एके काळी मोठं वजन होतं. अजित वाडेकर एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत होते, इंजिनीअर व्हायचं मनात होतं. एकदा बसमध्ये कॉलेजच्या संघातले बाळू गुप्ते भेटले. म्हणाले, आमच्याकडे बारावा खेळाडू म्हणून येतोस का? रोजचे तीन रुपये मिळतील. वाडेकर गेले! तीन रुपयांसाठी सुरू झालेला हा खेळ बघा कुठवर गेला. विद्यापीठाच्या सामन्यात त्यांनी ३२४ धावा केल्या. तो विक्रम १९७० मध्ये ३२७ धावा करून सुनील गावसकर यांनी मोडला. पुढच्याच वर्षी दोघं वेस्ट इंडीजला गेले, एक कप्तान, दुसरा नवखा सलामीवीर. गावसकरांनी चार कसोटींत ७७४ धावा केल्या आणि भारताने पहिल्यांदाच वेस्ट इंडीजला मालिकेत हरवलं. तुमच्या दादाच्या किंवा ताईच्या कॉलेजचा सामना शेवटचा कधी पाहिलात? ते मिशिगनचे लाखभर लोक जरा डोळ्यांसमोर आणा.

कबड्डीबद्दल लिहिलं नाही तर कल्याण-ठाण्यातली मंडळं माझ्यावर रुसतील. प्रो कबड्डी २०१४ मध्ये आली, मॅट आले, बूट आले, दिवे आले, छान झालं. यू मुंबाचा पहिला कप्तान अनुप कुमार हरियाणाचा होता आणि आम्ही त्याच्यासाठी घसा बसेपर्यंत ओरडलो. पण मंडळाच्या मैदानावर, संध्याकाळी दिव्याखाली, मातीत होणारा सामना चार हातांवरून बघताना चढाईवाल्याचा श्वास ऐकू येतो. तो टीव्हीवर ऐकू येत नाही.

आई-बाबांनो, आता दोन शब्द तुमच्याशी. अजिंक्यचे वडील बेस्टमध्ये नोकरीला होते. मोठं कोचिंग परवडत नव्हतं म्हणून त्यांनी पोराला डोंबिवलीतल्याच एका छोट्या शिबिरात घातलं, मॅटिंगच्या खेळपट्टीवर. पुढे तो मुंबईला एकटा लोकलने जाऊ लागला. पहिल्या दिवशी वडिलांनी त्याला गाडीत बसवलं, आणि गुपचूप शेजारच्या डब्यात स्वतः चढले, पोरगं नीट उतरतं का बघायला! अजिंक्यनेच हे मुलाखतीत सांगितलंय. डोंबिवली ते मुंबई जवळजवळ पन्नास किलोमीटर, भरलेली गाडी, खांद्यावर किटबॅग. अजूनही पहाटेच्या गाडीत अशी मुलं दिसतात आणि दारातली माणसं त्या बॅगेवरून त्यांच्यावर डाफरतात. मला विचाराल तर आपल्या भागातल्या क्रिकेटचा सगळ्यात मोठा शत्रू हे अंतर आहे. मुलं आहेत, वेड आहे, पण मैदानं थोडी. जी आहेत तिथे कधी सभा, कधी प्रदर्शन, कधी लग्नाचा मांडव. मांडव निघतो, पण खांबांचे खड्डे राहतात, आणि चेंडू नेमका त्याच खड्ड्यात पडून नाकावर येतो.

तेव्हा पुढच्या वेळी नगरसेवक दारात आले की रस्ता-पाण्याबरोबर मैदानाचाही प्रश्न विचारा. मुलांनी विचारला तर आणखी बरं. तुम्हाला कुणी रागावणार नाही.

आणि मुलांनो, थंडीतल्या एखाद्या सुट्टीच्या दिवशी बाबांना किंवा काकांना घेऊन सीएसएमटीला उतरा. समोर रस्ता ओलांडला की आझाद मैदान. एकाच वेळी कितीतरी सामने चालू असतात, एकाचा फाइन लेग दुसऱ्याच्या पॉइंटला टेकलेला. तिकीट नाही, कुंपणाशी उभं राहायचं. टोपी घाला, डबा न्या, आणि एक वही न्या. अकराव्या नंबरला कोण येतोय त्याचं नाव लिहून ठेवा.